‘वेगळं’ जगणाऱ्यांच्या घरात बाईच्या वाट्याचं काम बदलतं का?

काळीमाती (कळंब, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. माझं माहेर तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं, घरात रोज सामुदायिक प्रार्थना. लग्नानंतर आम्ही दोघं नैसर्गिक शेती करणाऱ्यांच्या एका गटात आलो. म्हणजे गाव ज्या रस्त्यानं जातं त्याच्या जरा बाजूनं चालणाऱ्या माणसांतच माझं आयुष्य गेलं. ही माणसं मला प्रिय आहेत. हुंडा घेत नाहीत, दारूला शिवत नाहीत, पोरीला पोराइतकंच शिकवतात.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. एका एकराच्या जीवामृताला, म्हणजे शेणा-गोमूत्राच्या पातळ खताला, २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती लागते. हे प्रमाण सभेत पुरुष सांगतो, फळ्यावर लिहितो. शेण कोण गोळा करतं? पहाटे गोठ्यात भांडं घेऊन गोमूत्र धरायला कोण उभं राहतं? सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळतं कोण? तणनाशक मारायचं नाही असं आम्ही ठरवलं. मला ते शंभर टक्के पटतं. पण मग निंदण वाढतं, आणि निंदायला बाईच वाकते. ठरवताना मात्र तिला कोणी विचारलेलं नसतं.

तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीवर अख्खा अध्याय आहे, तो मी लहानपणापासून वाचलाय. म्हणून विचार कुठून आला हा माझा प्रश्न नाही. पंथ, आश्रम, चळवळ, आदिवासी गाव, नाटकमंडळी, जे कोणी चारचौघांपेक्षा वेगळं जगतात, त्यांच्या घरात बाईची कामं आणि पुरुषाची कामं खरंच हलली का? डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. ‘आमच्या ग्रंथात समता आहे’ एवढ्यावर कृपा करून थांबू नका.

वऱ्हाडपांदण (दर्यापूर)

ताई, बरा धागा काढला. आमच्या गावी सेंद्रिय शेतीची सभा ठरली का पयला प्रश्न हाच असते, चहा कोनाकडे? सभा ‘शेतकरी बंधू-भगिनींची’ अन् भगिनी समद्या चुलीपाशी.

सरकीदर (हिंगणघाट)

मी साधा शेतकरी, खत घालतो, फवारतो, कपाशी आणि तूर घेतो. कोणत्याही पंथात नाही. माझ्या घरी गॅस आहे, मिक्सर आहे, कपडे धुवायचं मशीन आहे, नळाला मोटर लावली आहे. बायकोचे जे कष्ट कमी झाले ते या वस्तूंनी झाले, भाषणांनी नाही. तुम्ही वेगळी वाट धरता म्हणजे नेमकं काय करता? जातं परत आणता, चूल परत आणता. तुमच्या वेगळेपणाचा भार बाई उचलते. आमच्यासारख्या चारचौघांच्या घरातच ती जास्त सुटी झाली असं माझं स्पष्ट मत आहे.

काळीमाती

सरकीदर, तुमचा मुद्दा जड आहे, मी तो टाळणार नाही. पण एक विचारते. तणनाशकानं तुमच्या बायकोचं निंदण वाचलं. तुमच्या शेतात निंदायला येणाऱ्या मजूर बायांची आषाढ-श्रावणातली मजुरीही त्यानंच गेली. त्या आता कुठं जातात?

सरकीदर

वेचणीला येतात. किलोवर पैसे मिळतात. निंदण गेलं हे खरं आहे. मजूरच मिळत नाही म्हणून तणनाशक आलं, की तणनाशक आलं म्हणून मजूर बाया दुसरीकडे गेल्या, हे मला विचाराल तर दोन्ही एकदमच झालं.

वाटसरू_मोर्शी (अमरावती)

दंडवत प्रणाम. मी महानुभाव घरातली. रिद्धपूर आमच्यापासून जवळ, लहानपणी यात्रेला जायचो.

तेराव्या शतकात श्रीचक्रधर स्वामींच्या परिवारात बाया होत्या, आणि त्या नुसत्या हात जोडून बसणाऱ्या नव्हत्या. महदाइसा प्रश्न विचारायची, उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारायची. लीळाचरित्रात हे जागोजाग आहे. तिचे धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, रिद्धपूरला स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहाच्या प्रसंगातून आले आणि मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री म्हणून तिचंच नाव घेतात. विटाळाबद्दल स्वामींनी सांगितलं की देहाला जशी इतर द्वारं आणि त्यांचे स्राव, तसाच हाही एक, त्यानं धर्माला बाध येत नाही. आजही गावात चार दिवस बाजूला बसवणारी घरं आहेत, तिथं ७०० वर्षांपूर्वीचं हे बोलणं सांगितलं तर म्हाताऱ्या बाया डोळे मोठे करतात.

बाईला संन्यास घेता येतो, ग्रंथ शिकता येतो, शिकवता येतो. माझ्या आतेनं घेतला. नवरा गेल्यावर सासरी दिराच्या उपकारावर राहण्यापेक्षा तिनं मठ निवडला. तिथं तिला पोथी हातात मिळाली, लोक तिच्या पाया पडतात. ही मोकळीक खरी आहे, मी ती पाहिली आहे.

काळीमातीताई, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं मागितलं, म्हणून पुढचंही लिहिते. ही मोकळीक संसार सोडणाऱ्या बाईला मिळते. संसारात राहणाऱ्या आम्हा उपदेशी बायांच्या घरी स्वयंपाक, भांडी, पाहुणे सगळं शेजारच्या घरासारखंच. उलट साधू घरी आले की त्यांच्या भोजनाची तयारी आमच्याकडे जास्त. सेवा म्हणून मी ती मनापासून करते. तीच सेवा माझ्या भावानं चुलीपाशी बसून केलेली मात्र पाहिली नाही.

धामकाठ (वर्धा)

वाटसरूताईंनी लिहिलं त्याला लागूनच पवनारचं सांगते. विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं तेच बायांसाठी. सामूहिक साधना, ब्रह्मचर्य, ग्रंथाभ्यास हे सगळं पुरुषांचं मानलेलं क्षेत्र, ते बायांच्या हाती द्यायचं असा त्यांचा विचार होता. निर्णय बहुमतानं घेत नाहीत, सगळ्यांचं एकमत झालं तरच गोष्ट होते. शेती, गोठा, स्वयंपाक, झाडलोट, ‘मैत्री’ मासिकाचं काम, सगळं बहिणीच करत आल्या. मी शाळेत असताना आई मला धाम नदीवर घेऊन जायची. तिथल्या एक वयस्कर बहीण खुरपं घेऊन वांग्यांत बसलेल्या आणि तोंडानं आम्हाला गीतेतला श्लोक समजावून सांगत होत्या. हे काम हलकं, ते काम भारी असा भाव त्या जागेत नव्हता. माझ्यावर त्याचा फार खोल परिणाम झाला.

सेवाग्रामलाही १९३६ पासून हाच प्रयत्न होता. संडास साफ करण्यापासून भाजी चिरण्यापर्यंत आश्रमातल्या सगळ्यांनी करायचं. त्या काळात एखाद्या वकिलानं पोळ्या लाटणं ही आजच्यापेक्षा मोठी गोष्ट होती.

पोट्टा_यवतमाळचा

पण मॅडम, पवनारला बहुतेक बायाच राहतात ना? मग बाईचं काम अन् पुरुषाचं काम हा हिशोब तिथं कसा लागल? पुरुष बाजूला केल्यावर समता आली तर त्यात पुरुष काय शिकला?

धामकाठ

प्रश्न योग्य आहे. पुरुष काही शिकला नसेल. पण बाई शिकली की शेत, हिशोब, छापखाना, तत्त्वज्ञान यातलं काहीच तिच्या आवाक्याबाहेरचं नाही. माझ्या आईनं तिथून परत येऊन बाबांना बँकेचं पासबुक मागितलं. मला तो परिणाम लहान वाटत नाही.

निळीपहाट (पुलगाव)

जय भीम सर्वांना.

इथं एक इतिहास सांगायला हवा, कारण विदर्भातल्या बायांच्या बोलण्याची गोष्ट आश्रमांपासून सुरू होत नाही. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. बाबासाहेब समोर बसलेले. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. खेड्यापाड्यांतून हजारो बाया आल्या होत्या. तिथं ठराव झाले: बाईला घटस्फोटाचा हक्क हवा, एका पुरुषानं अनेक बायका करण्यावर बंदी हवी, गिरणीत काम करणाऱ्या बायांना हक्काची रजा हवी. हिंदू कोड बिल संसदेत यायच्या कितीतरी आधी हे मागणं आमच्या आज्यांनी मांडलं होतं. बायको ही नवऱ्याची मैत्रीण असावी, दासी नव्हे, असं बाबासाहेबांनी त्याच परिषदेत सांगितलं. पुढं १९५६ ची दीक्षा. त्या मैदानावर पांढऱ्या लुगड्यात उभ्या असलेल्या बायांत माझी पणजी होती.

घराघरात काय झालं? बरंच झालं. आमच्याकडे लग्नात कन्यादान नाही, मुलगी दान द्यायची वस्तू नाही. माझी आई, मावश्या, आम्ही बहिणी सगळ्या शिकलो. उपासतापास, वटसावित्री हे ओझं गेलं.

आता जे झालं नाही ते. आमच्या विहारात रोज संध्याकाळी वंदनेला बसतात त्यांत बहुतेक बाया. समितीत मात्र पुरुष. जयंतीची वर्गणी, मिरवणूक, वक्ता कोण, हे ते ठरवतात. खीर आम्ही करतो. गेल्या वर्षी आम्ही सांगितलं की रमाई जयंतीचा कार्यक्रम पूर्ण आमच्याकडे द्या, खर्चासकट. दिला. हिशोबाची वही आमच्या हातात आल्यावर पुढच्या बैठकीत बसायला सतरंजीची जागाही आपोआप मिळाली. भांडण झालं नाही, पण मागितल्याशिवाय मिळालंही नसतं.

झाडीचा_गडी (लाखांदूर, भंडारा)

माह्या बाजूचं सांगतो जी. आमच्याकडं भाऊबीज झाली की मंडई सुरू होते, मंग दंडार, खडी गंमत, अन् वडशाच्या कंपन्यांचे नाटकं. रात्रभर चालते, सकाळी चहा पिऊनच लोक उठतात.

माह्या बाबांनी दंडारीत बरेच वर्षं बाईचा पार्ट केला. लुगडं नेसाचे तर असं की आयाबाया पाहून शिकाच्या. पदर कसा घ्याचा, डोक्यावर घागर घेऊन कसं चालाचं, बाळंतीण बाई कशी बसते, सगळं बारीक. तेवढं बारीक पाहाले बाईजवळ बसावं लागते, ऐकावं लागते. म्हणून बाबा माह्या मायशी कधी आवाज चढवून बोलले नाही, असं मले वाटते. पण लुगडं सोडून घरी आले की खाटेवर बसूनच पाणी मागाचे. चुलीपाशी कधी गेले नाही.

आता बाईचे पार्ट बायाच करतात. नागपूरवरून, दुसऱ्या गावांतून येतात, हंगामभर वडशाला राहतात, रोज रात्री नवं गाव. प्रेक्षक टाळ्या वाजवते, शिट्या मारते. अन् तीच बाई दिवसा खोली भाड्यानं मागाले गेली तर घरमालक नवऱ्याचं नाव विचारते. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांले पद्मश्री भेटली, सगळ्या झाडीले आनंद झाला. तसाच मान आमच्या एखाद्या म्हाताऱ्या नटीले भेटावा, अशी माही मनापासून इच्छा आहे. तिनं जास्त सोसलं आहे.

मोहफूल (धानोरा, गडचिरोली)

मी गोंड आहे, शिक्षिका आहे. शहरातले लोक आमच्याकडे येतात आणि सांगतात, आदिवासींत बाई मुक्त असते, तुमच्याकडे गोटुल (तरुण मुलामुलींनी एकत्र जमायचं घर) आहे, हुंडा नाही. हे ऐकून मला बरं वाटतं आणि राग पण येतो. दोन्ही का ते सांगते.

हुंडा नाही, खरं आहे. देज मुलाकडून येतं. पोरगी झाली म्हणून घर रडत नाही. विधवा पुन्हा लग्न करते, तिला कोणी अपशकुनी म्हणत नाही. बाजारात मोह विकायला बाई जाते, पैसे तिच्या कमरेच्या पिशवीत राहतात. मेंढा-लेखाचं नाव तुम्ही ऐकलं असेल, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव, आमच्याच तालुक्यात. तिथं ग्रामसभेत एकमतानं ठरतं, त्यामुळं बायांना वगळून ठराव होत नाही. दारूवर बोलायची वेळ आली की बायाच पुढं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामागं खेड्यातल्या बायांचा रेटा किती होता हे आमच्या पिढीनं पाहिलं.

आणि त्याच गावांत कुर्माघर आहे. पाळीच्या दिवसांत बाईनं वस्तीच्या कडेला त्या खोपटात राहायचं. पावसाळ्यात साप, विंचू, गळतं छप्पर. अलीकडं काही गावांत पक्की बांधून दिली, पंखा, संडास, बिछाना. बाया म्हणतात, बरं झालं, निदान आराम मिळतो, गप्पा होतात. मी पण राहिले आहे. गप्पांचा आनंद खोटा नाही. पण पक्क्या भिंती बांधून प्रथा पण पक्की होईल अशी मला भीती वाटते. नांगराला बाईनं हात लावायचा नाही, घराच्या छपरावर चढायचं नाही, हे नियम पण आहेतच.

म्हणून माझी विनंती, आम्हाला स्वर्ग म्हणू नका आणि मागास पण म्हणू नका. आमच्याकडे मोकळं काय आणि बांधलेलं काय, ते वेगळ्या जागी आहे, एवढंच.

वाटसरू_मोर्शी

मोहफूलताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. विटाळ नाही म्हणणारा आमचा पंथ विदर्भाच्या या टोकाला, आणि कुर्माघर तुमच्याकडे. एकमेकींच्या गावी जाऊन बसायला हवं असं वाटलं.

मोहफूल

या ना. मे महिन्यात नको, तेंदूपत्त्यात असतो आम्ही.

रानवाट (चिखलदरा रस्ता)

मी आणि नवरा पुण्याची नोकरी सोडून इथं जमीन घेऊन राहतो. मातीचं घर, चूल, जातं. वर सरकीदरांनी जे लिहिलं ते आमच्यासारख्यांवरच आहे, म्हणून उत्तर देते. जातं आम्ही दोघं ओढतो. भाकरी तो माझ्यापेक्षा चांगली थापतो. मला हे काम लादलेलं वाटत नाही. हातानं केलेल्या कामात एक शांतता आहे जी मला ऑफिसात कधी मिळाली नाही. बाईनं चुलीपाशी बसणं म्हणजे गुलामी, असं सरसकट म्हणू नये.

पऱ्हाटी (राळेगाव)

रानवाटताई, राग मानू नका, पण मला बोलायचं आहे.

तुमची चूल तुम्ही निवडली. नको झाली तर उद्या तुम्ही गॅस घेऊ शकता, परवा पुण्याला जाऊ शकता. माझी आई पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून स्वयंपाक करत आली. उन्हाळ्यात शेतातून पऱ्हाट्या उपटायच्या, भारे बांधायचे, डोक्यावर आणायचे, घरामागं रचायचे, तेव्हा वर्षभराचं जळण होतं. तिचे डोळे आणि छाती दोन्ही गेले. उज्ज्वलाचं सिलिंडर आलं २०१६ नंतर, पण भरायला पैसे लागतात, म्हणून पाहुणे आले की गॅस आणि रोज चूल. अंघोळीचं पाणी तर चुलीवरच.

तुमच्या व्हिडिओत चुलीवरची भाकरी फार सुंदर दिसते. ती पाहून आमच्या गावातली सासू सुनेला म्हणते, बघ, शिकलेल्या बाया चुलीवर करतात, तुला काय झालं. तुम्ही तसं म्हणत नाही, माहीत आहे. पण तुमचं निवडलेलं जगणं आमच्याकडं हुकूम होऊन येतं. तुमच्या नवऱ्यानं भाकरी थापलेलाही व्हिडिओ टाका. तो खूप उपयोगाचा होईल.

रानवाट

पऱ्हाटीताई, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. सासूचं बोलणं वाचून वाईट वाटलं. चूल मी सोडणार नाही, माझं तिच्यावर प्रेम आहे. पण नवऱ्याचा व्हिडिओ या आठवड्यात टाकते, शपथ.

वऱ्हाडपांदण

त्याइले सांगा, तोंड दिसू द्या भाकरी थापताना. नाईतं लोक म्हनतीन हात बायकोचेच हायेत.

पोट्टा_यवतमाळचा

आमचं बी लिहितो. आम्ही चार पोट्टे अन् एक पोट्टी मिळून रॅप करतो. वऱ्हाडीत. कर्ज, कॉलेज, नोकरी नाही, लग्न जमत नाही, असे विषय. गावातले लोक आमच्या केसांवरून, कानातल्या बाळीवरून बोलतात. म्हणतात, पोरगा का पोरगी समजत नाही. म्हणजे बाहेरच्यांना आम्ही वेगळे.

आतून पाहिलं तर रेकॉर्डिंगला डब्बा तीच आणायची. गाण्यात तिला मधल्या गोड ओळी द्यायचो, मुख्य कडवं आमचं. एक दिवस तिनं कापूस वेचणीवर स्वतःच कडवं लिहून आणलं. बोंडाच्या टोकानं बोटं फाटतात, संध्याकाळी काट्यावर वजन कमी भरते, मुकादम ओलाव्याच्या नावानं किलोभर कापते, हे तिनं पाहिलेलं, आईसोबत वेचायला गेलेली. आम्ही चौघंही शेतकऱ्याचेच पोट्टे, पण आम्हाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही फवारणी केली, डवरे हाकले, वेचायला गेलोच नाही. तेच कडवं आज आमचं सगळ्यात जास्त ऐकलं जाते.

डब्बा आता ज्याच्या घरी रेकॉर्डिंग त्याच्या घरचा. घरी तो त्याची आईच करते, हेही खरं आहे.

सरकीदर

पोट्ट्या, काट्याचं खरं लिहिलंस. मी माझ्या शेतात बायांसमोर वजन करतो, इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. तू ज्या मुकादमाबद्दल लिहितोस तसे आहेत.

विषय थोडा हलवतो. तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, एक दिवस बायांचा असतो, तुमच्यापैकी कोणी पाहिला का? २०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी आली आणि पट पुन्हा सुरू झाले. मी पोरीला घेऊन गेलो होतो. बाई जोडी हाकत समोरून गेली तेव्हा पोरगी उभी राहून ओरडली. पट ही काही चळवळ नाही. अगदी जुनी, गावाची, पुरुषांची गोष्ट. तिथंही हे होतं आहे.

वऱ्हाडपांदण

पायला. पयले बाप्ये हासत होते. जोडी सुटल्यावर सारे घड्याळाकडं पाहू लागले, कोनी हासत नव्हतं.

निळीपहाट

आणि बाकीच्या दिवशी बैलांना आंबोण कोण करतं?

वऱ्हाडपांदण

तेही बाईच. मान्य.

लेखाजोखा (निवृत्त तलाठी, आर्वी)

सगळं वाचलं. मी नोकरीत असताना सातबाऱ्यावर किती बायांची नावं दिसतात हे पाहत आलो, त्यावरून बोलतो. पंथ, चळवळ, आश्रम, चारचौघं, या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती: जमीन पुरुषाच्या नावावर. समतेवर तास-तास बोलणाऱ्या माणसाच्या घरीही बहिणीकडून साडीचोळीवर हक्कसोड लिहून घेतलेला फेरफार मी नोंदवला आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, तरी सही करायला बहीण येतेच. भावाशी नातं तुटेल, माहेर बंद होईल, ही भीती असते. मी तिला बाजूला घेऊन विचारायचो. पुष्कळदा ती म्हणायची, साहेब, करू द्या.

एका चळवळीनं मात्र थेट कागदाला हात घातला, ते सांगायला हवं. शरद जोशींची शेतकरी संघटना. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर घरांनी हे केलं त्या गावाला जोशी स्वतः भेट द्यायचे. विदर्भातल्या गावांनीही केलं. पुढं सरकारनंही त्याच नावानं योजना काढली. ती संघटना बाजाराची भाषा बोलणारी, शेतमालाच्या भावाची मागणी करणारी. तिच्याकडून घरातल्या वाटणीची अपेक्षा कोणी केली नव्हती. पण ज्या घरात बायकोचं नाव लागलं, तिथं सोसायटीच्या कर्जाला तिची सही लागू लागली, म्हणजे तिला विचारल्याशिवाय कर्ज निघेना. शेतीत काय पेरायचं हे विचारणं त्यातूनच आलं.

काळीमातीताई, जीवामृत कोण ढवळतं हा प्रश्न मला फार आवडला. माझं त्यावर म्हणणं असं की ढवळणारीचं नाव सातबाऱ्यावर असेल तर ढवळायचं की नाही हे तीही ठरवू शकते.

धामकाठ

लेखाजोखा साहेब, पटतं. तरी जमीनच नसलेल्या घरांचं काय? इथले अर्धेअधिक मजूर भूमिहीन असतील. त्यांच्याकडे नाव लावायला सातबाराच नाही.

लेखाजोखा

घर तरी असतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदीत, नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. नवरा दारूत घर विकायला निघाला तर तिची सही अडवते. हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे.

काळीमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडं येते.

वाटसरूताईंचा पंथ, धामकाठताईंचं पवनार, निळीपहाटताईंचं विहार, मोहफूलताईंची ग्रामसभा. ग्रंथ, विचार सगळ्यांकडे होते. पण हललं ते तिथंच जिथं कामाची पाळी ठरली होती, हिशोबाची वही हातात आली, किंवा सगळ्यांच्या होकाराशिवाय निर्णय होऊ शकत नव्हता. नुसतं मन चांगलं असून झालं नाही. सरकीदर, तुमच्या मशीनचंही मला पटलं आहे. आमच्या गटानं शेण कालवायचं साधं यंत्र घ्यावं यासाठी मी मागं लागणार आहे. साधेपणा हवा, पण त्याची किंमत एकाच माणसानं का मोजायची?

आमच्या गटाच्या पुढच्या सभेसाठी मी दोन गोष्टी लिहून दिल्या आहेत. तणनाशक नको असेल तर निंदणाच्या दिवशी सभासद पुरुषांनीही ओळीत बसायचं, आणि निंदणाची मजुरी गटाच्या खर्चात धरायची. दुसरी, सभेचा चहा पाळीनं. नवरा म्हणाला, पहिली मान्य होईल, दुसरीवर वाद होईल. मला उलट वाटतं.

वऱ्हाडपांदण

चहाची पाळी आली तं मले कळवा. म्या येतो, दूध घिऊन.

पऱ्हाटी

लेखाजोखा काका, माझा एक प्रश्न राहिला. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे. नवरा तयार आहे माझं नाव लावायला. लक्ष्मीमुक्तीत होईल का?

लेखाजोखा

थेट होणार नाही. त्या योजनेत अर्ज नवऱ्यानं द्यायचा असतो आणि जमीन त्याच्या नावे असावी लागते. आधी सासऱ्यांनी हयातीतच मुलांत वाटणी करून द्यायला हवी. सगळ्या हिस्सेदारांची संमती असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. नणंदा असतील तर त्यांचं नाव वगळू नका, त्यांनाही बोलवा. वाटणीचा फेरफार मंजूर होऊन नवऱ्याचं नाव लागलं की मग तुमच्या नावाचा अर्ज. सासऱ्यांचं वय काय आहे? तब्येत बरी असताना हे करून घ्या, नंतर वारसाचं प्रकरण होतं आणि वर्षं जातात.

पऱ्हाटी

नणंदा दोन आहेत. रविवारी बोलावते दोघींना.